दंड भरला, पण लेकराचे काय?

मार्कंडा व वैनगंगेच्या काठची इतर गावे यांत पंचांपुढे कधी कधी असे गाऱ्हाणे येते की, दोघांचा विवाह झाला नाही, परंतु मूल झाले. पंच पुरुषास दंड करितात, तो दंड भरितो, गाव जेवते आणि प्रकरण मिटले असे सर्व मानितात. परंतु त्या दंडातून बाळास काय मिळाले?

दंड हा झालेल्या अपराधाबद्दल असतो. पोषण हे येणाऱ्या दिवसांकरिता असते. पहिले दिल्याने दुसरे फिटत नाही. कोणी म्हणेल, "विवाहच नाही, तर बापाचे कर्तव्य कोठून आले?" याचे उत्तर असे की, विवाहाने मनुष्य पती होतो, बाप होतो तो मुलाच्या जन्माने. आई तर आपला वाटा रोज देतच आहे: अंगावरचे दूध, रात्रीची जागरणे, रोवणीच्या व तेंदूपानांच्या हंगामात बुडालेली मजुरी. म्हणून बापाने पैसा देणे ही तिजवर कृपा नव्हे. तिने लाजेने "मला काही नको" असे म्हटले, तरी ते देणे फिटत नाही. कारण ते तिचे नसून मुलाचे आहे.

अब्राहामाने हागार व इश्माएल यांस भाकर व पाण्याची मसक देऊन लावून दिले; रानात ते पाणी सरले. एकदाच हातावर ठेविलेली रक्कम अशीच सरते.

सरकारी कायदाही अनौरस मुलास टाकीत नाही. 1898 च्या फौजदारी संहितेच्या कलम 488 ने त्याच्या पोषणाचा भार बापावर ठेविला होता. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 तोच भार ठेविते, मग धर्म कोणताही असो. ऐपत असून जो देत नाही, त्यास न्यायदंडाधिकारी दरमहाची रक्कम ठरवून देतो, आणि हुकूम मोडल्यास कैदही होऊ शकते. स्त्रियांस व मुलांस विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

उपदेशक बंधूंनो, आपण त्या स्त्रीस मंडळीपासून दूर ठेवितो, आणि पुरुषास पुष्कळदा कोणी विचारीतही नाही. पुढे असे प्रकरण आले, तर दंडाची गोष्ट काढण्यापूर्वी मुलाची दरमहाची रक्कम ठरवा व ती साक्षीदारांसमक्ष लिहून घ्या. बाप नाकारील, तर त्या आईबरोबर न्यायालयापर्यंत चालत जा. तिला एकटी पाठवू नका.