आवाजाचा थाट, मशीनची लाज

एप्रिल लागला की अकोला-अमरावतीच्या घराघरांत कूलर सुरू होतात आणि घरातला एक माणूस बोलण्यातून वजा होतो. हिवाळ्यात आबाजींना बऱ्यापैकी ऐकू येत होतं, असं घरचेच सांगतात. आता पत्र्याच्या कूलरची घरघर, तिच्यावर मात करायला वाढवलेला टीव्ही आणि त्याच्याही वर सुनेचा आवाज. आबाजी दोनदा 'काय?' विचारतात, तिसऱ्यांदा नुसते हसतात. मग ठरलेला विनोद : "बुढ्याले तसं काई ऐकू येत नाई, पण पैशाचं नाव काढा, लगेच ऐकू येते." मला हा विनोद क्रूर वाटतो, कारण त्यात ढोंगाचा आरोप आहे. प्रत्यक्षात बरेचदा उलटं घडतं. वावर विकायचं घाटतं, नातीची सोयरीक जुळते, तेव्हा चारजण आपसात बोलून मोकळे होतात. आबाजींच्या कानाशी तोंड नेलं जातं ते सही पाहिजे असते तेव्हा.

वयाने किंवा गोंगाटाने उतरलेला कान सगळे आवाज सारखे गमावत नाही. आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात. बोलण्यातले स्वर जाडजूड, ते पोचतात. स, श, फ, थ यांसारखी नाजूक व्यंजनं वाटेतच गळतात. म्हणून कोणी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते कळत नाही. 'सात' म्हटलं की 'हात', हे बाकीच्या वाक्यावरून ताडावं लागतं. नेहमीचं, अपेक्षित वाक्य मेंदू अंदाजाने पुरं करतो. नवी बातमी आली की अंदाज चुकतो. 'कामापुरतं ऐकू येतं' यामागचं गौडबंगाल एवढंच. ओरडून फारसा फायदा नाही : स्वर तेवढे फुगतात आणि बोलणाऱ्याचा चेहरा भांडायला आल्यासारखा दिसतो. कूलर दोन मिनिटं बंद करावा, उजेडात समोर बसावं, तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदलून सांगावं. यात खर्च काही नाही. तरी ते होत नाही, कारण ऐकणं हे ऐकणाऱ्याचं काम, असं आपण धरून चाललो आहोत.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी तसं धरलं नव्हतं. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. समोरच्याला विचारायचं, त्याच्या तोंडून उत्तर काढून घ्यायचं आणि मगच पुढे सरकायचं. आपलं बोलणं समोर पोचलं की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. अक्षरशत्रू शेतकऱ्यासाठी त्यांनी जे केलं, ते ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्यासाठी घरात करायला हरकत नसावी.

याच जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा मुलांतलं जन्मापासूनचं बहिरेपण दिसतं, म्हणून त्याच्यासाठी मन तरी द्रवतं. पन्नाशीनंतर हळूहळू उतरणाऱ्या कानाच्या वाट्याला मात्र थट्टा येते.

आणि तो कान नुसत्या वयाने उतरत नाही. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी जेमतेम पंधरा-सोळा हजार. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही बऱ्याच देशांत मानली जाणारी मर्यादा आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते : 88 ला चार तास, 91 ला दोन, 100 ला पंधरा मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांसाठी तर आठ तासांना 90 पर्यंत मुभा आहे. वऱ्हाडातला माणूस जिनिंगमध्ये, दाल मिलमध्ये, सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरच्या तोंडाशी उभा असतो. वावरातल्या थ्रेशरपाशी आवाज मोजायला कोणी फिरकत नाही. कापसाच्या या मुलखात कानात सरकीवेगळा कापूस कोंबलेला मजूर दिसतो. त्याला वाटतं, कान झाकला. कोरड्या कापसाने आवाज फारसा अडत नाही. फोमचा बोळा लागतो, आणि तो चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो.

पोटासाठी सोसलेला आवाज समजू शकतो. हौसेने विकत घेतलेल्याचं काय? श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणारी कावड ही अकोल्याची शान आहे. अनवाणी, रात्रभर, खांद्यावर भरण्यांचं ओझं. त्यापुढे हात जोडावेत असंच आहे ते. पण त्या भक्तीत डीजेच्या भिंतीने कोणती भर घातली? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. स्पीकरपुढे तासन् तास नाचलेल्या पोराच्या कानात दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजते. संध्याकाळपर्यंत ती थांबते आणि तो विसरतो. ती कानाची पहिली नोटीस असते. 'आपल्या मंडळाचा आवाज पार चौकापर्यंत जाते' हे अभिमानाने सांगणारा हाच मुलगा साठीत कानाचं मशीन लावायला लाजेल.

चष्म्याची लाज कोणाला वाटत नाही. मशीनची वाटते, आणि घेतलेली मशीनंही कपाटात पडून राहतात. त्याला लाजेखेरीज कारणं आहेत. पहिले काही आठवडे ताटवाट्या, पंखा, सगळंच अंगावर येतं. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, ऑडिओलॉजिस्टकडून आवाज पुन्हा बसवून घ्यावा लागतो. नवी चप्पल चावली तर आपण चालणं सोडत नाही, मशीन मात्र आठवड्यात काढून ठेवतो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात घामाने ते बिघडतंही. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं हे विकणाऱ्याने सांगायला हवं.

सरकारी मदत तोकडी आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून पुढे तूट असेल तरच श्रवणदोष धरतात. 50 वाला माणूस चारचौघांत गोंधळतो, पण कायद्याच्या लेखी त्याचं ऐकणं ठीक आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून पात्र ज्येष्ठांना एकदाच 3,000 रुपये मिळतात. नीट बसवलेलं डिजिटल मशीन त्यात सहसा येत नाही. उरलेले पैसे पदरचे. 2024 च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत न सुधारलेली श्रवणतूट मोजली आहे, तरी घरात प्रश्न तोच निघतो : "आता या वयात मशीन कायले पायजे?" त्याच घरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वय कोणी विचारत नाही.