दाराआड कोण आहे?

एकाचे दुखणे हे सबंध घराचे दुखणे असते, हे तत्त्व आपल्या देशाला नवीन नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू देऊन उपचारात सामील करून घेतले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार केंद्रातही रुग्णाजवळ घरच्या माणसाने राहण्याची रीत जुनी आहे.

2020 च्या टाळेबंदीत मात्र उलटे झाले. घर दवाखान्यात जाण्याऐवजी दवाखानाच व्हिडिओच्या पडद्यावरून घरात आला. त्याच वर्षी मार्च महिन्यात केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. सोय मोठी झाली यात शंका नाही. मुलगा आखातात, आईवडील बेळगावात आणि सून माहेरी असली, तरी सर्वांना एका वेळी समुपदेशकासमोर बसता येते. पडद्यावर सासऱ्यांची चौकट जेवढी तेवढीच सुनेची. हाही लाभ लहान नव्हे.

परंतु सोय झाली म्हणजे न्याय झाला काय?

कुटुंबोपचाराचे एक प्रवर्तक साल्वादोर मिनुचिन बैठकीत माणसांच्या जागा बदलावयास लावीत. कोण कोणाला चिकटून बसतो, कोण मध्येच बोलतो, यावरून ते घराची घडण ओळखीत. पडद्यावर खुर्च्या अशा हलविता येत नाहीत. चेहरा दिसतो, पण मांडीवरचा थरथरणारा हात दिसत नाही. याहून गंभीर गोष्ट ही की, दाराआड कोण उभे आहे हे समुपदेशकाला कळत नाही. जिला घरात मार बसतो, तिने त्याच घरात बसून खरे सांगावे, अशी अपेक्षा कशी करावी? तिने सांगितलेच, तर तास संपताच समुपदेशक पडद्यावरून नाहीसा होतो. ती मात्र तेथेच राहते.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. तो हक्क राखण्याचे बंधन उपचार करणाऱ्यावर आहे. दाराआडच्या कानाला आवर घालावयाचा तो घरच्यांनीच.

म्हणून मला वाटते की, जेथे केवळ अंतर आडवे आले आहे तेथे व्हिडिओचा उपयोग अवश्य करावा. जेथे भीती आहे तेथे आधी त्या व्यक्तीला एकटीला, सुरक्षित जागी भेटावे. सर्वांना एकत्र बसविण्याची घाई करू नये. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी, सुनेचा किंवा मुलाचा बोलण्याचा तास आला की, चप्पल घालून खुशाल फिरावयास जावे. ऐकण्याचा अधिकार सोडून देणे, हेही प्रेमाचेच काम आहे.