परमुलखात घर

शास्त्रपाठ : यिर्मया 29:4-7

सिल्वासातील आमच्या मंडळीची एक शिक्षिका परदेशी शिकविण्यास निघाली. तिच्या आईने विचारले, "तिथे हिचे कोण?" आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही.

मग सिंथिया फॅरार बाई आठवल्या. 1827 साली त्या अविवाहित स्त्री अमेरिकेहून मुंबईस आल्या. त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. पुढे अहमदनगरास राहिल्या आणि 1862 साली तेथेच निवर्तल्या. बाबेलातील बंदिवानांसही यिर्मयाने घरे बांधण्यास व त्या नगरासाठी प्रार्थना करण्यास कळविले होते. दोन वर्षांत सुटका सांगणारा हनन्या लोकांस अधिक गोड वाटला असेल!

आम्हीही सिल्वासास बाहेरूनच आलो. वारली मुलांची बोली किती शिकलो? हे आम्ही आईजवळ कबूल केले.

ती म्हणाली, "तिथली मुले कोणती भाषा बोलतात?"