पाप-पुण्याचा आकडा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. त्याविरुद्धच्या याचिका दिल्ली आणि कर्नाटकप्रमाणे मध्य प्रदेश उच्च न्यायालयातही दाखल झाल्या. या न्यायालयाचे मुख्यपीठ आमच्या जबलपुरात आहे. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती प्रकरणे स्वतःकडे घेतली. त्यानिमित्ताने कौशल्य की नशीब हा जुना वाद पुन्हा रंगला. १९५७ च्या चमारबागवाला निकालापासून आपली न्यायालये खेळांना हाच प्रश्न विचारत आली आहेत, आणि १९६८ मध्ये रमी कौशल्याची ठरली तीही याच कसोटीवर. पण खेळांची एक तिसरी जात आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. तिच्यात दान कसे पडले याला महत्त्व नसते, हात किती तयार आहे यालाही नसते. समोरच्या माणसाला वाचवायचे की लुटायचे, खरे सांगायचे की फसवायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. जगभरची लाखो मुले गेली काही दशके असे निवडीचे खेळ खेळत आहेत, आणि त्यांतून माणसाची व जगाची एक विशिष्ट कल्पना त्यांच्या मनात उतरते आहे.

हा विषय निघाला की हल्ली एक दावा हमखास पुढे येतो: यात नवे काय, आपल्या मोक्षपटात हे सारे होतेच. हा दावा मला मान्य नाही. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. आज उपलब्ध असलेले पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी काढलेले आहेत. पण कर्तृत्वाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी मूळ अडचण उरतेच. त्या पटावर सद्गुणांच्या शिड्या आहेत, दुर्गुणांचे साप आहेत, आणि सोंगटी कुठे जाणार हे कवड्या ठरवतात. एक पैसाही न देता दानाच्या घरात पोचता येते आणि कोणाचे काही न चोरता चोरीच्या सापाच्या तोंडी जाता येते. मोक्षपट नीतीचा नकाशा दाखवतो. फळ आपल्या हाती नसते हेही तो शिकवतो, आणि ती शिकवण लहान नाही. पण तो खेळणाऱ्याला एकदाही विचारत नाही की तू काय करशील. पूर्वजांना जे श्रेय आहे ते द्यावे. जे त्यांनी केलेच नाही ते त्यांच्या नावावर चढवल्याने त्यांचा मान वाढत नाही.

तो प्रश्न गंभीरपणे विचारणारा एक आरंभीचा व्हिडिओ गेम म्हणजे रिचर्ड गॅरियट यांचा १९८५ मधला अल्टिमा ४. त्यात शेवटी मारायला कोणी राक्षस नाही. आठ सद्गुण अंगी बाणवणे हेच ध्येय. त्यात वनौषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे ठेवायचे ते गिऱ्हाइकाने ठरवायचे. कमी ठेवले तरी ती काही बोलत नाही, पडद्यावर कोणताही आकडा हलत नाही. आपला प्रामाणिकपणा घटला हे पुष्कळ पुढे कळते. पुढच्या खेळांनी हा संकोच सोडला. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक (२००३), फेबल (२००४), मास इफेक्ट (२००७) यांनी पाप-पुण्याची पट्टी थेट पडद्यावर आणली. फेबलमध्ये दुष्टाला शिंगे फुटतात आणि सज्जनाच्या डोक्यामागे तेजोवलय उमटते. मास इफेक्टमध्ये सौम्य वा कठोर वागण्याचे गुण साठवले तरच संवादातले काही पर्याय उघडतात. त्यामुळे प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र विचार करणारा, कधी सौम्य कधी कठोर वागणारा खेळाडू मागे पडतो आणि एकच वाट डोळे मिटून धरणारा बलवान होतो. फॉलआउट ३ (२००८) मध्ये तर अख्खी वस्ती अणुबॉम्बने उडवावी आणि मग तहानलेल्या भिकाऱ्यांना पाणी पाजत राहावे. घसरलेला आकडा पुन्हा वर चढतो. मेलेल्यांचा या हिशेबाशी काही संबंध उरत नाही. हा खेळ भारतातल्या दुकानांत आणायचाच नाही असे मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन तेव्हा ठरवले. कारण म्हणून त्यातल्या दोन डोक्यांच्या गाईंची चर्चा झाली, या हिशेबाची झाली नाही.

निवडीला मोबदला जोडला की माणूस कसा घडतो आणि जग कसे रचले जाते, याचा पुरावा शोधायला जबलपूरबाहेर जावे लागत नाही. १८३० च्या दशकात ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमनने जबलपूर आणि सागर भागातून ठगांविरुद्ध मोहीम चालवली. तिचा सारा भार माफीच्या साक्षीदारांवर होता. पकडलेल्या माणसाने साथीदारांची नावे द्यावीत, जुने खून कबूल करावेत, म्हणजे त्याचा फास टळे. सुटका मात्र कधीच नाही. फिरंगिया हा त्यांतला सर्वांत गाजलेला. या साक्षीदारांना जबलपुरात ठेवले गेले, त्यांच्यासाठी उद्योगशाळा निघाली, तिथे तंबू आणि गालिचे तयार होत. प्राण वाचवणारे उत्तर कोणते, हे प्रश्न विचारणाऱ्याच्या रोखावरून समजत असताना माणूस तेच उत्तर देतो. त्या जबान्यांतून देवीच्या नावाने गळे आवळणाऱ्या गुप्त पंथाचे चित्र तयार झाले, १८३९ मध्ये मेडोज टेलरच्या कादंबरीतून ते विलायतेत पोचले आणि अजूनही पुसलेले नाही. त्यातले वाटमारीचे वास्तव किती आणि चौकशीने घडवलेले किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. वाटसरूंचे खून झाले होते, त्यांना न्याय मिळणे आवश्यकच होते. पण कबुलीला प्राणांचे बक्षीस लावल्यावर त्या कबुलीत पश्चात्ताप किती आणि हिशेब किती, हे ओळखण्याचे साधन कोणाकडेच उरले नाही, खुद्द कबुली देणाऱ्याकडेही नाही.

इथे मला टिळकांकडे जावे लागते, आणि जरा थांबावे लागते. ‘गीतारहस्या’चे ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण मराठीतले नैतिक पेचांचे सर्वांत समृद्ध भांडार आहे. हॅम्लेट, कोरिओलेनस, महाभारतातले कितीतरी प्रसंग टिळक तिथे मांडतात आणि दाखवतात की सत्य, अहिंसा यांसारखे नियमही एकमेकांवर आदळतात, तेव्हा नियमांची यादी पुरत नाही. पुढे आधिभौतिक सुखवादाचा समाचार घेताना ते अमेरिकेतल्या एका शहरातील ट्रामगाडीचे उदाहरण देतात. ट्राममुळे हजारोंची सोय होणार होती. ती लवकर सुरू व्हावी म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. पुष्कळांचे पुष्कळ सुख एवढीच कसोटी असेल तर त्याला दोष देता येत नाही, तरी लोकांनी त्याला दोषी मानले. टिळकांचा मुद्दा असा की कर्माच्या बाह्य परिणामांची बेरीज करून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. व्हिडिओ गेममधली पट्टी नेमकी ही बेरीज करते. पाणी दिले, इतके गुण. ते का दिले, हे तिला दिसत नाही. त्याहून वाईट हे की गुण देऊन ती त्या ‘का’चे उत्तरच बदलून टाकते. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेनच्या टेबलावर जन्मलेल्या स्नूकरमध्ये याच्या उलट घडते. बाहीचा निसटता स्पर्श चेंडूला झाला आणि पंचाने तो पाहिला नाही, तर खेळाडूने स्वतः सांगावे अशी तिथली रीत आहे. सांगितल्याने त्याचे नुकसानच होते, प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतात. म्हणूनच त्या सांगण्याला अर्थ आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. मास इफेक्टवर काम केलेल्या एका रचनाकाराने २०२० मध्ये सांगितले होते की सुमारे ९२ टक्के खेळाडूंनी सज्जनाचीच वाट धरली. लोक चांगलेच वागत असतील तर पट्टीने बिघडवले काय? पण ती सज्जनता त्यांना कशाच्या बदल्यात मिळाली, हे या आकड्यात नाही. बायोशॉक (२००७) मधल्या लहान मुलींना मारले तर ताकद लगेच जास्त मिळते, पण त्यांना सोडवत राहिले की भेटी मिळून तूट बरीचशी भरून निघते. जिथे त्यागाची भरपाई होते तिथे सज्जनपणाची परीक्षाच झालेली नसते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे आणि त्याने मुद्दा थोडा वळतो. संगणक आकड्यांवरच चालतो. पट्टी लपवली तरी आत मोजणी होतेच. अल्टिमातही ती होतीच. मग फरक फक्त पडद्याचा? तसे नाही. मोजणे हा दोष मानता येणार नाही. मोजल्याचे फळ कोणाच्या पदरात पडते यावर सारे अवलंबून आहे. लुकास पोप यांच्या पेपर्स, प्लीज (२०१३) मध्ये खेळाडू सीमेवरचा कागद तपासणारा कारकून असतो. एका जोडप्यातल्या नवऱ्याचे कागद बरोबर, बायकोकडे परवाना नाही. तिला आत सोडले तर यंत्रातून ताकीद छापून येते, ताकिदी वाढल्या की पगार कापला जातो, आणि घरी भाडे, अन्न, सरपण यांतले काहीतरी राहते. शाबासकी देणारा आकडा कुठेच नाही. पोलंडमध्ये तयार झालेल्या धिस वॉर ऑफ माइन (२०१४) मध्ये वेढ्यात अडकलेली माणसे एका वृद्ध जोडप्याचे अन्न लुटू शकतात. पोट भरते, पण लुटणारा खचत जातो आणि ते घर रिकामे होते. या खेळांत निवडीने जग बदलते, निवडणाऱ्याची शक्ती वाढत नाही. खचण्यामागेही आकडा असेल, पण तो कमवायचा आकडा नाही. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये धिस वॉर ऑफ माइन माध्यमिक शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचे जाहीर केले. आपल्याकडे खेळ आणि शाळा हे शब्द एका वाक्यात येतात ते फक्त व्यसनाच्या संदर्भात.

नोडिंग हेड्स या पुण्याच्या चमूने २०२० मध्ये राजी हा खेळ काढून आपली पुराणे, वास्तुकला आणि चित्रकला जगाला दाखवली. ते काम उत्तम आहे, पण त्यात लढाई आहे, निवड नाही. महाभारताचे पेच आणि टिळकांची मीमांसा हाताशी असलेल्या पुण्या-मुंबईच्या खेळ रचणाऱ्यांनी आता निवडीचा खेळ करावा. त्यात युधिष्ठिराला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणायचे की नाही हे खेळणाऱ्याला ठरवू द्या, द्रोण पडल्यानंतरची छावणी त्याला दाखवा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पाप-पुण्याची पट्टी ठेवू नका.