पुढचे पुस्तक कोण ठरवते?

घरात न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग असलेल्यांची तक्रार बहुधा वेळेबद्दल असते. वेळ कमी पडतो हे खरेच. पण ढिगासमोर उभे राहून पाऊण तास चाळवाचाळव करायची, चार मलपृष्ठे वाचायची आणि शेवटी मोबाइल उघडायचा, तेव्हा तो पाऊण तास हातात होताच. अडले होते ते निवडीपाशी. आणि निवड अडते, कारण ढिगाला आपण भलताच प्रश्न विचारतो: यातले सर्वांत महत्त्वाचे कोणते? या प्रश्नाला उत्तर नाही. शिवाय महत्त्वाचे म्हणून हाती घेतलेले पुस्तक कर्तव्यासारखे वाचले जाते, म्हणजे चाळिसाव्या पानावर सुटते.

ढीग मुळात साचतो कसा? आपली बरीचशी पुस्तकखरेदी विक्रीच्या पंचांगानुसार होते: प्रकाशनपूर्व सवलत, प्रदर्शन, साहित्य संमेलन. नेमाड्यांची ‘हिंदू’ ही कादंबरी २०१० मध्ये आली, तेव्हा तिची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांनी ती हौसेने घेतली. त्यांतल्या कितीजणांनी संपवली, हे विचारणे आजही सभ्यपणाचे मानले जात नाही. त्यात पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याची चाल रूढ झाल्यापासून आपण न निवडलेली पुस्तकेही घरी येतात. (चाल चांगलीच आहे. फुले निदान दोन दिवसांत जागा मोकळी करतात, एवढेच.) थोडक्यात, ढिगातल्या प्रत्येक पुस्तकाला तिथे येण्याचे कारण आहे, पण ते आज वाचण्याचे कारण नव्हे. घेणारा कुणी निराळाच होता. त्याला पाच वर्षांपूर्वी मानववंशशास्त्र शिकायचे होते. त्याची हौस फेडण्याची जबाबदारी आज वाचणाऱ्यावर नाही.

जुन्या वाचनालयांत हा प्रश्न उद्भवत नसे. एका वेळी एक-दोन पुस्तके, परतीची तारीख, उशीर झाला तर दंड. रत्नागिरीत १८२८ मध्ये, पुण्यात १८४८ मध्ये अशी वाचनालये निघाली आणि मराठी वाचक पुढे त्याच शिस्तीत वाढला. तिचे गोडवे मी गाणार नाही. हाती येई ते पुष्कळदा कपाटात उरलेले असे.

माझे म्हणणे असे की पुढचे पुस्तक नुकत्याच संपवलेल्या पुस्तकाला निवडू द्यावे. ते आपल्यामागे एखादा प्रश्न ठेवून जाते आणि तो प्रश्न घेऊन ढिगाकडे गेले की पन्नासातली सेहेचाळीस पुस्तके आपोआप बाजूला होतात. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ घ्या. १९१० चे हे पुस्तक त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या चरित्राचे साधन म्हणून घेतले जाते आणि त्याच कारणाने पडून राहते. पण वाचू लागले की त्यात १८८२ चे पुणे भेटते: पंडिता रमाबाई शहरात आल्या आहेत, बायका त्यांना ऐकायला जमतात आणि तिथे जाते म्हणून या रमाबाईंना घरातल्याच बायकांची बोलणी खावी लागतात. पुस्तक मिटताना मनात त्या दुसऱ्या रमाबाई उरतात. मग त्यांचे १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवर्णन वर येते. त्याच वर्षी त्यांनी काढलेल्या शारदा सदनात सुरुवातीलाच दाखल झालेली एक बालविधवा, गोदूबाई, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करते. तिचे, म्हणजे बाया कर्व्यांचे, ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये येते. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ त्याआधीचे, १९१५ चे. एकाच लग्नाकडे नवरा आणि बायको निरनिराळ्या वयांत, निरनिराळ्या हिशेबांनी पाहतात; ती दोन पुस्तके लागोपाठ वाचल्याखेरीज त्यातली गंमत कळत नाही. त्याच १८९३ मध्ये सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गवगवा झाला आणि सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. धर्मांतराचा हा वाद घराच्या आतून कसा दिसत असेल? शाळेत तुकड्यांनी वाचलेले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आता या प्रश्नासाठी पुन्हा हाती येते: त्यांच्या पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय गुदरले ते त्यात आहे. ही सगळी पुस्तके सुटीसुटी ‘वाचायलाच हवीत’ अशा यादीत असतात आणि म्हणूनच वाचली जात नाहीत.

अशा वाचनात जाड ग्रंथांची धास्तीही जाते. समग्र वाङ्मयाचे खंड आपण पहिल्या पानापासून सुरू करायचे म्हणून ठेवतो आणि ते कधीच सुरू होत नाहीत. पण पंडिता रमाबाईंचा माग काढत आलेला वाचक महात्मा फुल्यांचा समग्र खंड थेट १८८५ च्या ‘सत्सार’पाशी उघडतो, कारण तिथे फुले त्यांची बाजू घेतात. खंड मधूनच उघडला म्हणून काही बिघडत नाही.

यावर एक आक्षेप खरा आहे. असा माणूस एकाच डोहात फिरत राहील. एकोणिसाव्या शतकातून तो विसाव्यात यायचाच नाही. शिवाय आपल्याला न सुचणारे प्रश्न घेऊन जी पुस्तके येतात, ती या पद्धतीत मागेच राहतात. म्हणून मधूनमधून कशाशीही संबंध नसलेले एखादे पुस्तक मुद्दाम घ्यावे, शक्यतो दुसऱ्या कुणी हातात कोंबलेले. माझ्या वाचनातली चांगली वळणे अशीच आलेली आहेत. त्याचे प्रमाण मात्र मला सांगता येणार नाही.

उरलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतो. वर्षे गेली तरी कुठल्याच प्रश्नावर जी वर येत नाहीत, ती देऊन टाकावीत असे माझे मत होते. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांत प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा एक आहे. म्हणजे माझ्या कपाटातले न वाचलेले पुस्तक दुसऱ्या कुणाचे अडवून ठेवलेले असू शकते. पण त्याच ‘सत्सार’मध्ये फुल्यांनी ताराबाई शिंद्यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’चीही पाठराखण केली आहे. १८८२ ची ती छोटी पुस्तिका पुढे जवळजवळ नव्वद वर्षे विस्मरणात गेली आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा छापली, तेव्हा कुठे तिला पुन्हा वाचक मिळाले. त्या मधल्या काळात तिची प्रत कुणाच्या तरी कपाटात न वाचता का होईना, पण टिकली. देण्याच्या पुस्तकांचा गठ्ठा बांधताना ‘त्यांचा वाचक’ आणि ‘त्यांची प्रत’ यांतले आधी कोणाला सांभाळायचे, हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. तूर्त मी गठ्ठा वाचनालयात देतो, रद्दीवाल्याला नाही.