विकत घेतलेली साक्ष

त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेस निघालेला माणूस घ्या. पौष वद्य एकादशीची थंडी, बरोबर म्हातारी आई. रात्री नाशिकरोडला उतरल्यावर तो कोणाला विचारणार? मोबाईलवर 'खोली स्वच्छ, गरम पाणी मिळते' असे कोणा अनोळख्याने लिहिलेले वाचतो, आणि त्या शब्दावर विसंबून आगाऊ पैसे भरतो. ते शब्द लॉजवाल्यानेच लिहून घेतलेले असले तर?

नाशिकच्या भांडी बाजारातील एका दुकानदाराने आम्हांस स्पष्टच विचारले, "महाराज, शेजारच्याने भाच्या-पुतण्यांकडून गूगलवर पाच-पाच स्टार लिहून घेतले. गिऱ्हाईक तिकडे जाते. माझे पितळ अस्सल. मी चार खोटे रिव्ह्यू घातले तर पाप कसले? माल तर खोटा विकत नाही ना?"

प्रश्नात मेख आहे. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. पैकी शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणून तशीच सांगणारा. (आपण मराठीत आप्त म्हणजे भाचे-पुतणेच समजतो, ही गंमत!) त्या यात्रेकरूपाशी प्रत्यक्ष नाही, अनुमानाला आधार नाही, शब्द तेवढा हाती. तोच नासवला तर आंधळ्याची काठी काढून घेतल्यासारखे झाले. म्हणून 'माल खरा' हे उत्तर पुरत नाही. माल दुकानदाराचा, साक्ष गिऱ्हाइकाची. शिवाय या चार खोट्यांपायी, ज्यांनी मनापासून लिहिले तेही संशयात पडतात.

सरकारचेही इकडे लक्ष गेले आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले. विकत घेतलेले, किंवा त्यासाठीच नेमलेल्या माणसांनी लिहिलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत असे त्यात आहे. मात्र सुरुवातीस ते ऐच्छिक ठेवले.

अभिप्राय मागण्यात वाईट काही नाही. पण खूष झालेल्यालाच मागायचा आणि चिडलेल्याला गोड बोलून वाटेस लावायचे, ही अर्धी साक्ष. 'पाच स्टार द्या, चहा फुकट' ही तर लाचच. गूगलच्या नियमातही ती बसत नाही. दुसऱ्याच्या दुकानावर टोपणनावाने एक स्टार टाकणे यास आम्ही चोरी म्हणतो. खरी तक्रार आलीच, तर 'घागर बदलून देतो' असे खाली लिहावे. गिऱ्हाइकाचा फोन नि उधारी चव्हाट्यावर मांडू नये. आम्ही कीर्तनकार तरी कुठे सुटलो? बुवांच्या व्हिडिओखाली 'वा महाराज' लिहिणारे पुष्कळदा बुवांचेच टाळकरी असतात.

"मग मी उपाशी मरू काय?" दुकानदार म्हणाला. हे थट्टेवारी नेण्याजोगे नाही. खरेपणाने धंदा वाढेल असे आश्वासन आम्ही त्याला दिले नाही. तुकोबांचे घर महाजनाचे, वाण्याचे. दुष्काळात तेही बुडाले. काही दिवस तोटा सोसावा लागेल, हे सांगितले. मात्र येईल त्या प्रत्येकाला, भांडून गेलेल्यालाही, 'वाटले तसे लिहा' म्हणावे, आणि शेजाऱ्याचे खोटे गूगलला कळवावे.

यात आपला यात्रेकरूंचाही वाटा आहे. जिथे उतरलो तिथे पाणी गरम होते की नाही, एवढे दोन ओळींत लिहावे. राग असेल तर तो निवल्यावर लिहावे.