मृतांच्या दाव्याला मुदत असते काय?

लखनौच्या रेसिडेन्सीत आम्ही कधीकधी रविवारी सकाळी जाऊन बसतो. १८५७ च्या वेढ्यात मेलेल्या इंग्रजांच्या कबरी तेथे आहेत. हेन्री लॉरेन्सही तेथेच पुरलेला आहे. ज्यांचे राज्य आपण घालवले, त्यांच्या कबरीवर कुदळ घालावी असे कोणाच्या मनात येत नाही, आणि कोणी घालू लागलाच तर आम्हीच त्याचा हात धरू. मृताला स्वस्थ पडू द्यावे, ही भावना वैऱ्याच्या बाबतीतही जागी असते.

परंतु तेथे बसल्या बसल्या पुणे जिल्ह्यातील इनामगाव आठवते आणि मन अडखळते. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन करून सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. ही माणसे दगडी पाती वापरीत आणि तांबे जपून खर्चीत. मूल दगावले तर दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, त्यांत त्याला ठेवीत व घराच्याच जमिनीखाली पुरीत. प्रौढांचे सांगाडे घोट्याखाली पाय तोडलेले असे सापडले. मृताने घर सोडून जाऊ नये यासाठी हे केले असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड उचलणाऱ्या आम्हां लोकांना हा तर्क वाचून गलबलून येते. ज्यांनी जाऊ नये म्हणून आप्तांनी एवढा बंदोबस्त केला, त्यांनाच आम्ही क्रमांक घालून घराबाहेर काढले. लॉरेन्सच्या कबरीला जो न्याय, तो या मुलाला का नाही? मध्ये फार काळ गेला म्हणून? की त्याच्या वतीने अर्ज करणारा कोणी उरला नाही म्हणून?

दिवाणी दाव्याला मुदत असते. ती उलटली की खरे येणेही न्यायालयात वसूल होत नाही. परंतु म्हणून देणे फिटले, असे कोणी सज्जन म्हणत नाही. मृतांच्या दाव्याचेही असेच आहे, असे आम्हांला वाटते.

मग उत्खनन करूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. नांगर, माती नेणाऱ्या गाड्या आणि नदीचे पूर जुन्या पांढरीला कोठे सोडतात? शिवाय त्या आईबापांची माया आपल्याला कळली, तीही उकरल्यामुळेच. परंतु मातीचा थर एकदाच उकरता येतो. संशोधक जे पान वाचतो ते वाचता वाचता फाडतो. म्हणून त्याच्यावरील ऋण मोठे. प्रत्येक वस्तूची जागच्या जागी नोंद करावी, निष्कर्ष वेळेवर प्रसिद्ध करावेत, वस्तीचा काही भाग पुढील पिढ्यांसाठी मुद्दाम न उकरता ठेवावा, आणि जे नेले ते आपली मिळकत न समजता ठेव म्हणून सांभाळावे. इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ मध्ये निघाला, ही त्या ऋणाची एक प्रामाणिक फेड होय.

उरलेली फेड आपल्यासारख्या पाहणाऱ्यांकडे आहे. संग्रहालयात अशा मडक्यापुढच्या चिठ्ठीवर ‘दफनकुंभ’ एवढेच लिहिलेले असले, तरी पाहणाऱ्याने ‘मूल’ हा शब्द मनात वाचावा आणि क्षणभर आवाज खाली आणावा. अर्जदार नसलेल्या प्रकरणात एवढे तरी आपल्या हाती आहे.